ई-मेल क्लायंटसाठी डोव्हकॉट उभारताना: आतून बाहेर जाणारा क्रम

पोस्टफिक्स (मेल स्वीकारणारा आणि पाठवणारा प्रोग्रॅम) चालू आहे, बाहेरून आलेला मेल सर्व्हरवर उतरतो आहे, पण तो फोनवर किंवा थंडरबर्डसारख्या क्लायंटमध्ये (मेल वाचण्याच्या प्रोग्रॅममध्ये) उघडत नाही, अशा अवस्थेत पुष्कळ जण अडकतात. बहुतेकांची चूक एखाद्या सेटिंगमध्ये नसते, क्रमात असते. सगळ्या फाइली एका दमात भरून ते थेट क्लायंट उघडतात, ‘सर्व्हरशी जोडणी होऊ शकली नाही’ एवढे एक वाक्य वाचतात आणि त्या आधारावर पाच ठिकाणी बदल करत सुटतात. पण ते एकच वाक्य क्लायंट पासवर्ड चुकल्यावर दाखवतो, सर्टिफिकेट अपुरे असल्यावर दाखवतो आणि फायरवॉल बंद असली तरी दाखवतो. म्हणून डोव्हकॉट, म्हणजे सर्व्हरवरचा मेल क्लायंटला उघडून देणारा प्रोग्रॅम, उभारण्याचा या लेखातील क्रम आतून बाहेर जातो: आधी मेलची पेटी, मग वापरकर्त्याची ओळख, मग टीएलएस (जोडणीला सांकेतिक करणारे आवरण), मग मेल पाठवण्याची वाट, मग फायरवॉल आणि अगदी शेवटी क्लायंट. प्रत्येक टप्प्याची तपासणी उत्तीर्ण झाल्याखेरीज पुढच्या टप्प्याला हात लावू नये.

सेटिंगांची आणि आज्ञांची नावे येथे देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन लिपीत, सेटिंगच्या दोन शब्दांच्या मधे अधोरेषा देऊन लिहायची आहेत.

## पूर्वतयारी

आवृत्ती पाहा. डोव्हकॉटची आवृत्ती विचारणारी आज्ञा सर्वांत आधी चालवावी. २.३ आणि २.४ या आवृत्त्यांच्या कॉन्फिगरेशनची भाषा वेगळी आहे, आणि २.३ साठी लिहिलेली फाइल २.४ वर तशीच ठेवली तर सर्व्हर सुरूच होत नाही. २.४ मध्ये फाइलच्या आरंभी कॉन्फिगरेशनची आणि साठवणुकीची आवृत्ती घोषित करावी लागते. ‘मेल लोकेशन’ ही एक सेटिंग तेथे ‘मेल ड्रायव्हर’ आणि ‘मेल पाथ’ अशी विभागली गेली आहे. ‘डिसेबल प्लेनटेक्स्ट ऑथ’च्या जागी ‘ऑथ अलाउ क्लिअरटेक्स्ट’ आले आहे, आणि त्याचा अर्थ नेमका उलटा आहे: पूर्वी जेथे ‘येस’ लिहीत होतो तेथे आता ‘नो’ लिहायचे. डेबियन १२ मध्ये २.३ मालिका मिळते, डेबियन १३ मध्ये २.४. पुढे २.३ ची नावे वापरली आहेत आणि फरक मोठा असेल तेथे तो सांगितला आहे.

नावाची नोंद तपासा. क्लायंटमध्ये जे सर्व्हरनाव भरले जाणार आहे, त्याची डीएनएसमधील ‘ए’ नोंद योग्य पत्त्याकडे जाते का ते पाहावे. आयपीव्ही-६ ची ‘चार-ए’ नोंद असेल पण त्या पत्त्यावर डोव्हकॉट ऐकत नसेल, तर काही उपकरणांत मेल उघडतो आणि काहींत बराच वेळ लटकून राहतो. असा दोष शोधायला फार वेळ जातो, म्हणून ती नोंद एक तर खरी करावी किंवा काढून टाकावी.

वापरकर्ते कोणते, ते ठरवा. मोजकेच लोक असतील आणि त्यांची सर्व्हरवर खाती असतील, तर यंत्रणेचेच वापरकर्ते पुरेसे आहेत. अनेक डोमेन असतील, किंवा मेल वापरणाऱ्यांना सर्व्हरवर लॉगिन द्यायचे नसेल, तर आभासी वापरकर्ते घ्यावेत आणि सर्व पेट्या ‘व्हीमेल’सारख्या एका स्वतंत्र खात्याच्या मालकीच्या ठेवाव्यात. पॅकेजबरोबर येणारी ‘डोव्हकॉट’ आणि ‘डोव्हनल’ ही खाती डीमनच्या (पार्श्वभूमीत चालणाऱ्या सेवेच्या) अंतर्गत कामासाठी आहेत. पेट्यांची मालकी त्यांना कधीही देऊ नये. हा निर्णय मध्येच बदलला तर दुसरा आणि तिसरा टप्पा पुन्हा करावा लागतो.

सावधान: ‘कॉन्फ-डॉट-डी’ या फोल्डरातील ‘डॉट कॉन्फ’ने संपणारी प्रत्येक फाइल वाचली जाते. जुन्या फाइलची प्रत ‘ओल्ड डॉट कॉन्फ’ अशा नावाने तेथेच ठेवली, तर तीही लागू होते आणि तुमचे नवे बदल निष्फळ ठरू शकतात. प्रती त्या फोल्डराच्या बाहेर ठेवाव्यात.

## टप्पा १: पॅकेज बसवा, पण दार बंद ठेवा

डेबियन घराण्यात मूळ पॅकेज आणि आयमॅपचे (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचण्याच्या पद्धतीचे) पॅकेज वेगळे असते. फक्त मूळ पॅकेज बसवले तर डीमन चालतो पण आयमॅप मिळत नाही. पॉप-३ ची खरोखर गरज नसेल तर ते बसवू नये. एकाहून अधिक उपकरणांवर तोच मेल पाहणाऱ्यांना पॉप-३ अडचणीचेच ठरते, कारण त्याची घडण मेल उतरवून घेण्यासाठी आहे आणि फोल्डर किंवा ‘वाचले’ची खूण ते सर्व्हरवर सांभाळत नाही.

डेबियनवर पॅकेज बसताच सेवा आपोआप सुरू होते. कॉन्फिगरेशन पूर्ण होईपर्यंत ९९३ व १४३ (आयमॅपची) आणि ४६५ व ५८७ (मेल पाठवण्याची) ही पोर्टे फायरवॉलमध्ये बंद ठेवावीत.

तपासणी: ‘डोव्हकॉन्फ’ ही आज्ञा ‘एन’ पर्यायासह चालवावी. मूळ मूल्यांपेक्षा वेगळ्या आणि प्रत्यक्ष लागू असलेल्या सेटिंगाच ती दाखवते. पुढे प्रत्येक बदलानंतर हीच आज्ञा चालवायची आहे, कारण फाइलमध्ये लिहिलेले आणि डीमनने वाचलेले एकच असेल याची खात्री नसते. मुख्य फाइलमध्ये वरच्या भागात लिहिलेले मूल्य खाली जोडलेल्या ‘कॉन्फ-डॉट-डी’मधील मूल्याने पुसले जाते, आणि हे केवळ या आज्ञेतूनच दिसते.

## टप्पा २: पेटीची जागा एकच असू द्या

रिकाम्या इनबॉक्सच्या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा येथे सापडते. पोस्टफिक्स मेल एका ठिकाणी टाकतो, डोव्हकॉट दुसऱ्याच ठिकाणी शोधतो, दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात आणि लॉगमध्ये एकही दोष उमटत नाही.

स्थानिक मेल टाकताना पोस्टफिक्स मुळात एमबॉक्स पद्धत वापरतो, म्हणजे प्रत्येक वापरकर्त्याचा सगळा मेल एकाच फाइलमध्ये जातो. मेलडिर पद्धतीत प्रत्येक मेल स्वतंत्र फाइलमध्ये राहतो आणि ‘न्यू’, ‘कर’ व ‘टेम्प’ अशी तीन उपफोल्डरे असतात. अनेक उपकरणांवरून एकाच वेळी वापर होणार असेल, तर मेलडिर घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तेथे एक मेल पुसण्यासाठी मोठी फाइल पुन्हा लिहावी लागत नाही आणि संपूर्ण पेटीला कुलूप लागत नाही.

मेलडिर निवडल्यास डोव्हकॉटमध्ये ‘मेल लोकेशन’ला घरफोल्डरातील मेलडिरचा मार्ग द्यावा, आणि पोस्टफिक्समध्ये ‘होम मेलबॉक्स’ला तेच नाव शेवटी तिरप्या रेषेसह द्यावे. ती शेवटची तिरपी रेष अत्यंत महत्त्वाची आहे. ती नसेल तर पोस्टफिक्स त्याच नावाची एमबॉक्स फाइल तयार करतो. पोस्टफिक्समध्ये ‘मेलबॉक्स कमांड’ भरलेले असेल तर ‘होम मेलबॉक्स’ पाहिलेच जात नाही, म्हणून ते रिकामे आहे याचीही खात्री करावी.

याहून चांगला मार्ग म्हणजे मेल पेटीत टाकण्याचे कामही एलएमटीपी (आलेला मेल पेटीपर्यंत सोपवण्याचा प्रोटोकॉल) याद्वारे डोव्हकॉटकडेच सोपवणे. मग जागा एकाच फाइलमध्ये ठरते आणि दोन बाजूंची मूल्ये जुळवत बसावे लागत नाही. मात्र एलएमटीपीमध्ये वापरकर्त्याचे नाव पूर्ण पत्त्याच्या रूपात येते, तर यंत्रणेच्या खात्याला डोमेन नसते. अशा वेळी ‘ऑथ युजरनेम फॉरमॅट’मध्ये डोमेन गाळणारे मूल्य द्यावे लागते. २.३ मध्ये ते प्रतिशत चिन्ह, मोठे एल आणि लहान एन असे लिहितात.

सावधान: ‘परवानगी नाकारली’ असा दोष आला म्हणून पेटीला सर्वांसाठी लिहिण्याची मुभा देऊ नये. मालकी योग्य वापरकर्त्याकडे आणि मेलडिरची मुभा ०७०० असावी. जुळत नसेल तर मालकी दुरुस्त करावी, मुभा सैल करू नये.

तपासणी: स्वतःला एक मेल पाठवावा आणि ‘न्यू’ फोल्डरात नवी फाइल आली का ते पाहावे. मग ‘डोव्हॲडम मेलबॉक्स स्टेटस’ या आज्ञेने त्या वापरकर्त्याच्या इनबॉक्समधील मेलची संख्या विचारावी. फाइल आली पण संख्या शून्य राहिली, तर डोव्हकॉट दुसरीकडे पाहत आहे. या टप्प्यावर क्लायंटचा काहीही संबंध नाही, त्यामुळे दोष कोठे आहे याविषयी शंका उरत नाही.

पेट्या वापरात आल्यावर जागा किंवा पद्धत बदलायची वेळ आली, तर फाइली हाताने हलवू नयेत. डोव्हॲडमची सिंक आज्ञा वापरावी, म्हणजे मेलांचे ओळख-क्रमांक टिकतात. अन्यथा प्रत्येक क्लायंट संपूर्ण पेटी नव्याने उतरवतो.

## टप्पा ३: ओळख पटवणे

डोव्हकॉट दोन वेगळे प्रश्न विचारतो. पासवर्ड बरोबर आहे का, हा प्रश्न ‘पासडीबी’ सोडवते. या वापरकर्त्याची पेटी कोठे आहे आणि ती कोणत्या अधिकाराने उघडायची, हा प्रश्न ‘युजरडीबी’ सोडवते. या दोहोंतील भेद लक्षात न घेतल्याने अनेक जण पासवर्ड बरोबर असतानाही पासवर्डच बदलत राहतात.

यंत्रणेच्या खात्यांसाठी पॅम (यंत्रणेची लॉगिन तपासणारी सोय) आणि यंत्रणेची वापरकर्ता-यादी पुरेशी आहे. आभासी वापरकर्त्यांसाठी साधी पासवर्ड-फाइल ठेवता येते. शेकडो वापरकर्ते होईपर्यंत डेटाबेसची आवश्यकता नसते. पासवर्ड ‘डोव्हॲडम पीडब्ल्यू’ या आज्ञेने बीक्रिप्ट किंवा एसएचए-५१२ पद्धतीने सांकेतिक करून लिहावा. ती फाइल रूटच्या मालकीची, डोव्हकॉट गटाची आणि ०६४० मुभेची असावी.

‘डिसेबल प्लेनटेक्स्ट ऑथ’ चालूच ठेवावे. पद्धतींच्या यादीत ‘प्लेन’ आणि ‘लॉगिन’ ही दोन नावे असू द्यावीत. ‘प्लेन’ म्हणजे असुरक्षित, अशी समजूत पुष्कळांची असते. पण टीएलएसच्या आवरणातून जाताना तो पासवर्ड वाटेत कोणालाही वाचता येत नाही, आणि सर्व्हरवर तो सांकेतिक रूपात साठवता येतो.

तपासणी: दोन आज्ञा, याच क्रमाने. ‘डोव्हॲडम ऑथ टेस्ट’ने पासवर्ड तपासावा आणि ‘डोव्हॲडम युजर’ने त्या वापरकर्त्याचा यूआयडी (वापरकर्ता-क्रमांक), जीआयडी (गट-क्रमांक) आणि घरफोल्डर छापून घ्यावे. पहिली यशस्वी व दुसरी अयशस्वी झाली, तर क्लायंटमध्ये लॉगिन होता होता ‘अंतर्गत दोष’ असा संदेश येईल. तेव्हा पासवर्डला हात न लावता युजरडीबी दुरुस्त करावी. वापरकर्त्याचा यूआयडी ‘फर्स्ट व्हॅलिड यूआयडी’पेक्षा लहान असला, तरी पेटी उघडली जात नाही, २.३ मध्ये ही मर्यादा मुळात ५०० असते.

## टप्पा ४: टीएलएस

सर्टिफिकेटमधील नाव आणि क्लायंटमध्ये भरले जाणारे सर्व्हरनाव अक्षरशः एकच असले पाहिजे. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेकडून सर्टिफिकेट घेतल्यास चार फाइली हाती येतात. त्यांतील ‘फुलचेन’ आणि ‘प्रायव्ह-की’ या दोनच येथे वापरायच्या. केवळ ‘सर्ट’ नावाची फाइल दिली तर मधली साखळी पाठवली जात नाही. मग काही क्लायंट चालतात आणि काही सर्टिफिकेट नाकारतात, आणि माणूस उगाच फोनला दोष देत बसतो.

२.३ मध्ये ‘एसएसएल सर्ट’ आणि ‘एसएसएल की’ या सेटिंगांत मार्गाच्या आधी ‘पेक्षा लहान’ हे चिन्ह द्यावे लागते. ते विसरले तर डोव्हकॉट त्या मार्गाची अक्षरे हेच सर्टिफिकेट मानतो आणि वाचता येत नाही अशी तक्रार करतो. २.४ मध्ये सेटिंगांची नावे ‘एसएसएल सर्व्हर सर्ट फाइल’ आणि ‘एसएसएल सर्व्हर की फाइल’ अशी आहेत आणि तेथे ते चिन्ह द्यायचे नाही.

‘एसएसएल’ला ‘रिक्वायर्ड’ आणि किमान प्रोटोकॉलला टीएलएस १.२ हे मूल्य द्यावे. खाजगी किल्लीची फाइल रूटलाच वाचता येईल अशी असू द्यावी. ती रूटच्या अधिकारात वाचली जाते, त्यामुळे डोव्हकॉट खात्याला वाट मोकळी करून देण्याचे कारण नाही. शेवटी आयमॅपच्या साध्या (टीएलएसविना सुरू होणाऱ्या) श्रोत्याचे पोर्ट ० करून १४३ बंद करावे. २०१८ च्या आरएफसी ८३१४ या इंटरनेट-मानकाचीही शिफारस अशीच आहे की क्लायंटने पहिल्या क्षणापासून टीएलएस असलेले पोर्ट वापरावे: आयमॅपसाठी ९९३ आणि मेल पाठवण्यासाठी ४६५.

सावधान: सर्व्हरवरूनच स्वतःच्या अंतर्गत पत्त्यावर जोडून केलेली चाचणी फसवी असते, कारण अशी जोडणी डोव्हकॉट मुळातच सुरक्षित समजतो आणि टीएलएसविनाही पासवर्ड स्वीकारतो. चाचणी दुसऱ्या संगणकावरून, सर्व्हरचे सार्वजनिक नाव वापरून करावी.

## टप्पा ५: आयमॅपशी हाताने बोला

क्लायंटआधीची ही चाचणी बहुतेक जण टाळतात, आणि खरी माहिती नेमकी हीच देते. आधी ९९३ हे पोर्ट फक्त आपल्या संगणकाच्या पत्त्यापुरते उघडावे. मग त्या संगणकावरून ओपनएसएसएलच्या ‘एस-क्लायंट’ने (टीएलएस जोडणी हाताने करून पाहण्याच्या आज्ञेने) सर्व्हरनाव आणि पोर्ट देऊन जोडणी करावी. छापलेल्या मजकुरात पडताळणीचा अंक ० आणि त्यापुढे ‘ओके’ असले पाहिजे. दुसरा कोणताही अंक आला तर टप्पा ४ कडे परत जावे.

त्यानंतर एक छोटी खूण, ‘लॉगिन’ हा शब्द, वापरकर्तानाव आणि पासवर्ड अशी ओळ लिहावी. खूण म्हणून लहान ए पुरेसा आहे. पासवर्डात मोकळी जागा किंवा विशेष चिन्हे असतील तर तो दुहेरी अवतरणात द्यावा. उत्तर ‘ओके’ आले तर दुसऱ्या ओळीत इनबॉक्स निवडून मेलची संख्या पाहावी. उत्तर ‘नो’ आले तर सर्व्हरला ओळ समजली पण त्याने ती नाकारली, आणि ‘बॅड’ आले तर ओळच चुकली आहे. हा एक भेद कळला की निम्मा शोध संपतो.

एस-क्लायंटमध्ये मोठ्या क्यूने सुरू होणारी ओळ जोडणी तोडते आणि मोठ्या आरने सुरू होणारी ओळ टीएलएसची वाटाघाट पुन्हा सुरू करू पाहते. म्हणून खुणा लहान अक्षरांत लिहाव्यात किंवा ‘क्वाएट’ पर्याय वापरावा.

## टप्पा ६: मेल पाठवण्याची वाट

आयमॅप मेल वाचण्यापुरता आहे. पाठवण्याचे काम पोस्टफिक्सचे, आणि तेथे पासवर्डाची शहानिशा डोव्हकॉटकडून करून घ्यायची असते.

१. डोव्हकॉटच्या ‘१०-मास्टर’ फाइलमध्ये ऑथ सेवेखाली पोस्टफिक्ससाठीचा सॉकेट (दोन प्रोग्रॅमांमधील दुवा) असतो. त्याच्या ओळींपुढील टिप्पणीचे चिन्ह काढावे. शेवटच्या महिरपी कंसापुढील चिन्हही काढायला विसरू नये. मुभा ०६६०, मालक व गट दोन्ही पोस्टफिक्स.

२. पोस्टफिक्समध्ये सॅसलचा (मेल पाठवणाऱ्याची ओळख तपासण्याच्या पद्धतीचा) प्रकार ‘डोव्हकॉट’ आणि मार्ग ‘प्रायव्हेट’ फोल्डरातील ‘ऑथ’ असा द्यावा. हा मार्ग पोस्टफिक्सच्या रांग-फोल्डरापासून मोजला जातो, म्हणून तो आरंभीच्या तिरप्या रेषेशिवाय लिहावा.

३. पोस्टफिक्सच्या ‘मास्टर’ फाइलमध्ये ४६५ ची सेवा उघडावी, तिला टीएलएस आवरणाची आणि सॅसलची मुभा द्यावी, आणि ओळख पटलेल्यांनाच पुढे जाऊ देऊन इतरांना नाकारण्याचा नियम लावावा. जुन्या उपकरणांसाठी ५८७ हवे असेल तर तेथे टीएलएस सक्तीचे करावे.

सावधान: त्या फाइलमध्ये सेवेखालील पर्यायांच्या ओळी मोकळ्या जागेने सुरू झाल्याच पाहिजेत. टिप्पणीचे चिन्ह पुसताना ती जागाही पुसली, तर पोस्टफिक्स त्या ओळीला नवी सेवा समजतो. पर्यायातील बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मात्र मोकळी जागा सोडू नये.

तपासणी: बाहेरच्या नेटवर्कवरून, लॉगिन न करता, पोर्ट २५ वर परक्या डोमेनचा प्राप्तकर्ता द्यावा. उत्तर ५५४ किंवा ४५४ ने सुरू होऊन रिले (परक्याचा मेल पुढे पाठवणे) नाकारल्याचे आले पाहिजे. तो स्वीकारला गेला, तर ‘मायनेटवर्क्स’ची (लॉगिनविना मेल पुढे पाठवू शकणाऱ्या पत्त्यांच्या यादीची) मर्यादा बहुधा जास्त सैल आहे, आणि ती आवळल्याखेरीज एक मिनिटही पुढे जाऊ नये, असा सर्व्हर स्पॅम पाठवणाऱ्यांना लवकरच सापडतो.

## टप्पा ७: फायरवॉल आणि मग क्लायंट

आता ९९३ आणि ४६५ सर्वांसाठी उघडावीत. भाड्याच्या सर्व्हरवर बहुधा दोन फायरवॉली असतात, एक यंत्रणेतील आणि एक सेवादात्याच्या नियंत्रण-पटावरील. जोडणी ताबडतोब नाकारली गेली तर त्या पोर्टवर बहुधा कोणी ऐकत नाही. बराच वेळ काहीच न होता ती थांबली तर वाटेत फायरवॉल आहे.

क्लायंटमध्ये खाते स्वतः भरावे, आपोआप शोधण्यावर सोडू नये. येणाऱ्यासाठी ९९३ आणि जाणाऱ्यासाठी ४६५, दोन्हींकडे ‘एसएसएल/टीएलएस’, पद्धत ‘साधा पासवर्ड’, आणि वापरकर्तानाव तिसऱ्या टप्प्यात ज्या रूपात तपासले अगदी त्याच रूपात. ५८७ वापरत असल्यास मात्र ‘स्टार्टटीएलएस’ निवडावे. ५८७ बरोबर ‘एसएसएल/टीएलएस’ ही जोडी कधीच जुळत नाही.

## टप्पा ८: पहिल्या आठवड्यातील दुरुस्त्या

‘पाठवलेले’ मेल दोन फोल्डरांत विभागले जात असतील, तर ‘१५-मेलबॉक्सेस’ फाइलमध्ये सेंट, ड्राफ्ट्स, जंक आणि ट्रॅश यांना विशेष-उपयोगाची खूण द्यावी आणि आपोआप सदस्यता लावावी, म्हणजे सर्व क्लायंट तीच फोल्डरे वापरतात.

एकाच घरातील किंवा कार्यालयातील उपकरणांवर मेल अधूनमधून तुटत असेल, तर ‘मेल मॅक्स युजरआयपी कनेक्शन्स’ पाहावे. ही मर्यादा एका वापरकर्त्याच्या एका आयपी पत्त्यावरील जोडण्यांची आहे आणि मुळात १० असते. थंडरबर्ड एकटाच ५ जोडण्या राखून ठेवू शकतो, त्यामुळे दोन संगणक आणि एक फोन एवढ्यात ती संपते. २० ते ३० हे मूल्य लहान सर्व्हरला पेलते.

चाचणीसाठी ऑथचा तपशीलवार लॉग चालू केला असेल तर तो बंद करावा, विशेषतः पासवर्ड लॉगमध्ये उतरवणारा पर्याय. पासवर्ड ओळखून पाहणाऱ्यांचे प्रयत्न ९९३ उघडताच सुरू होतात, म्हणून फेल-टू-बॅनमधील (वारंवार चुकीचे लॉगिन करणारे पत्ते रोखणाऱ्या प्रोग्रॅममधील) डोव्हकॉट आणि पोस्टफिक्सच्या सॅसलचे नियम चालू करावेत, आणि स्वतःचा पत्ता त्यातून वगळावा.

राहिले सर्टिफिकेटचे नूतनीकरण. लेट्स एन्क्रिप्टचे नेहमीचे सर्टिफिकेट ९० दिवसांचे असते, आणि फाइल बदलली तरी डोव्हकॉट ती आपणहून पुन्हा वाचत नाही. माझ्याच एका सर्व्हरवर नवी फाइल डिस्कवर आली होती, मी निर्धास्त होतो, आणि जुने सर्टिफिकेट संपल्याच्या सकाळी सगळ्यांचा मेल एकदम थांबला. म्हणून सर्टबॉटच्या (सर्टिफिकेट आणणाऱ्या आणि नवे करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) ‘डिप्लॉय’ फोल्डरात डोव्हकॉट आणि पोस्टफिक्स या दोघांनाही रीलोड करणारी छोटी स्क्रिप्ट ठेवावी आणि तिला चालवण्याची मुभा द्यायला विसरू नये. पहिल्या नूतनीकरणानंतर एस-क्लायंटने ९९३ आणि ४६५ या दोन्ही पोर्टांवरील सर्टिफिकेटची अंतिम तारीख वाचावी आणि ती डिस्कवरील फाइलच्या तारखेशी पडताळून पाहावी.